अर्धी राहिलेली खूण

पडदेवाल्या ताईंचं घर आमच्या भागात कुणालाही विचारावं लागत नाही. खिडक्यांची मापं घ्यायला त्या स्वतः जातात. खांद्याला कापडाच्या तुकड्यांची पिशवी, गळ्यात टेप, केसांत खोचलेली पेन्सिल. खिडकीसमोर उभ्या राहिल्या की आधी काही बोलत नाहीत. ऊन कुठून येतं, समोरच्या घरातून काय काय दिसतं, खाली पलंग आहे की टेबल, हे बघून घेतात आणि मग म्हणतात, "इथे जाड कापड नको, खोली कोंदट होईल." बोलताना त्यांचे हात सारखे चालू असतात. कापड कसं पडेल ते सांगताना बोटं वरून खाली अशी उतरतात की पडदा लागल्यासारखाच वाटतो. नवखं गिऱ्हाईक दोन पावलं मागे सरकतं. त्यांचे यजमान म्हणतात, "हिचे हात बांधून ठेवले तर हिची वाचा जाईल."

यजमान बसचे ड्रायव्हर होते, आता निवृत्त आहेत आणि थट्टा हाच त्यांचा उद्योग आहे. पण या थट्टेत खरं बरंच आहे. ताई तोंडाने बोलायला लागल्या त्याच्या आधी हातांनी बोलायला लागल्या होत्या. त्यांचा थोरला भाऊ, दादा, जन्मापासून बहिरा होता.

आईवडील दोघंही काच कारखान्यात कामाला. सकाळी बाहेरून कडी लागायची ती संध्याकाळी निघायची. आत ही दोन मुलं. धाकटीला सांभाळायचं काम दादाकडे, आणि सांभाळायचं म्हणजे काहीतरी सांगावं लागतं, विचारावं लागतं. मग खुणा तयार झाल्या. कुणी शिकवल्या नाहीत, एकेक गरज पडत गेली तशी एकेक खूण जन्माला आली. आईच्या हनुवटीवर तीळ होता, म्हणून हनुवटीला बोट लावलं की आई. खांद्यावरून खाली वेणी ओढल्यासारखी दोन बोटं फिरवली की ताई. कोपऱ्यावरचा दुकानदार तराजू हळूच अंगठ्याने दाबायचा, म्हणून अंगठा दाबला की तो दुकानदार, आणि पुढे जगातला कुठलाही लबाड माणूस. वीज गेली, भीती वाटते, उगाच, खोटं बोलू नकोस, माझ्या वाटणीचं तू खा, अशा सगळ्यासाठी खुणा होत्या.

पुढे दादाला बहिऱ्यांच्या शाळेत घातलं. तिथे तो रीतसर खुणांची भाषा शिकला आणि घरी येऊन त्याने ती बहिणीलाही दाखवली. तिने थोडी उचलली, पण तिला ती परकी वाटायची. दादालाही ते पटलं असावं. शाळेतल्या खुणा बाहेर जायच्या कपड्यांसारख्या होत्या. घरी आला की तो त्या काढून ठेवायचा आणि बहिणीशी जुन्याच खुणांनी बोलायचा. आईवडिलांना जेव, झोप, इकडे ये, एवढंच येत होतं. म्हणजे हिशेब केला तर ती भाषा जगात दोनच माणसांची होती.

ताईंचं लग्न झालं आणि त्या या गावी आल्या. दादा तिकडेच राहिला. खुर्च्यांच्या एका कारखान्यात तो पॉलिशचं काम करायचा, कारखान्यामागच्या खोलीत एकटाच राहायचा. बसने जायचं तर अर्धा दिवस मोडायचा. यजमान त्यांच्या बहिणींशी, मावश्यांशी फोनवर तासन्‌तास बोलायचे. ताई स्वयंपाकघरातून ते ऐकायच्या आणि कणीक मळत राहायच्या. फोन नावाची वस्तू घरात आली, पण त्यांना तिचा काडीचा उपयोग नव्हता.

वर्षातून कधीमधी भेट व्हायची. बस स्टँडवर गाडी पुरती थांबायच्या आत दोघांचं बोलणं सुरू व्हायचं, खिडकीच्या काचेतून. निघतानाही तेच. इतरांचा निरोप गाडी हलली की संपतो. या दोघांचा गाडी वळणावर दिसेनाशी होईपर्यंत चालायचा, आणि ताई शेवटी शेवटी मागच्या काचेपाशी जाऊन उभ्या राहायच्या. यजमान म्हणायचे, "माझी गाडी असती तर तुम्ही मला रोज लेट केलं असतं."

मग कॅमेऱ्याचे मोबाइल आले, आणि ताईंच्या आयुष्यात जे कधी नव्हतं ते आलं. दादा पॉलिशच्या डब्याला फोन टेकवायचा, समोर स्टुलावर बसायचा आणि बोलायचा. कारखान्यात काय झालं, कुणी काय खाल्लं, मालकाची मिशी आता कशी अर्धीच राहिली आहे. ताई उलट पाठवायच्या. असे किती व्हिडिओ झाले त्याला गणती नाही. ताईंचा फोन भरून वाहायला लागला, तेव्हा नोकरीसाठी परगावी असलेल्या त्यांच्या मुलाने सुट्टीत येऊन ते सगळे एका लॅपटॉपवर उतरवून दिले. फोल्डरला नाव दिलं 'दादा'.

गेल्या हिवाळ्यात दादा गेला. छातीत कफ भरल्याचं निमित्त झालं. ताई दवाखान्यात पोहोचल्या तेव्हा त्याच्या उजव्या हाताला सलाइन होतं आणि हात फळीला पट्टीने बांधलेला होता. तो डाव्या हाताने बोलत होता. अडखळत, अर्धं अर्धं. ताईंनी नर्सला विचारलं, सुई डाव्या हाताला लावता येईल का. नर्स चांगली होती. तिने कारण विचारलं, ऐकून घेतलं आणि सुई बदलून दिली. त्या संध्याकाळी दादा बराच वेळ बोलला. बहुतेक सगळं लहानपणचंच. दुसऱ्या दिवशी तो बोलला नाही.

सगळं उरकल्यावर मुलाने दादाच्या फोनमधले उरलेसुरले व्हिडिओ आईच्या लॅपटॉपवर टाकले, फोन पुसून कारखान्यातल्या दादाच्या सोबत्याला देऊन टाकला आणि तो नोकरीवर परत गेला.

पाहुणेही गेले. पहिल्यांदा दुपारचं घर रिकामं मिळालं तेव्हा ताई लॅपटॉप घेऊन बसल्या. 'दादा'वर टिचकी मारली. फोल्डर उघडलं, वर हिरवी पट्टी सरकायला लागली, खिडकी पांढरी पडली आणि मिटली. फोल्डरं उघडून दाखवणारा फाइल मॅनेजरच बंद पडला. त्यांनी पुन्हा उघडलं. पुन्हा तेच. कधी खिडकी मिटायच्या आधी एक सूचना यायची की फाइल मॅनेजर प्रतिसाद देत नाही, बंद करायचं की वाट पाहायची? ताई दर वेळी 'वाट पाहा' दाबायच्या.

यजमान डोकावून म्हणाले, "आपल्या घरात प्रतिसाद न देणारं अजून एक आलं म्हणायचं." ताई हसल्या नाहीत. तेव्हा ते जवळ खुर्ची ओढून बसले. "इंजिन तापलं असेल. बंद करून जरा गार होऊ दे." लॅपटॉप गार झाला, पण फोल्डर उघडलं नाही.

मुलाने फोनवरून एकेक सांगितलं. रीस्टार्ट कर. अपडेट कर. व्हायरस आहे का तपास. जुना साठलेला कचरा साफ कर. यजमान मोठ्याने पुन्हा सांगायचे, ताई तशी तशी बटणं दाबायच्या. कचरा साफ केल्यावर फोल्डर क्षणभर जास्त टिकलं; पहिल्या ओळीतली चार-दोन छोटी चित्रं दिसली, एकात दादाचा खांदा होता, आणि सगळं मिटलं.

"आई, मग सिस्टीमच पुसून नव्याने टाकू," मुलगा म्हणाला. "तुझ्या फाइल्स शक्यतो जात नाहीत."

"शक्यतो म्हणजे?"

"म्हणजे नाही जात."

"तू शक्यतो म्हणालास."

चूक त्याची नव्हती. दूर बसून जेवढं सुचतं तेवढं तो सांगत होता. "बरं, मी येईपर्यंत काही करू नकोस," तो म्हणाला. त्याला सुट्टी कधी मिळेल ते त्यालाही माहीत नव्हतं.

ताई पडदे शिवत राहिल्या. पण एका दुपारी शिवता शिवता त्यांच्या मनात आलं, 'उगाच'ची खूण कशी होती? मशीन थांबलं. हात उचलला आणि तो हवेत तसाच राहिला. हनुवटी नाही, कोपर नाही. बोट कुठलं होतं? लहानपणी दिवसातून शंभरदा केलेली खूण. का रडतेस? उगाच. का हसतोस? उगाच. त्यांनी सगळी बोटं हलवून बघितली. आता विचारायचं कुणाला? एका व्हिडिओत दादाने ती केली होती हे त्यांना पक्कं आठवत होतं. स्टूल निळं का रंगवलं ते सांगताना. पण तो व्हिडिओ त्या मिटणाऱ्या खिडकीच्या आत होता.

त्यांनी अर्धा शिवलेला पडदा मशीनवर तसाच ठेवला, लॅपटॉप पिशवीत घातला आणि यजमानांना म्हणाल्या, "अहो, मी जाऊन येते."

दुरुस्तीवालीचं दुकान दोन दुकानांच्या मधे चिमटीत धरल्यासारखं आहे. आत एक टेबल, एक दिवा, भिंतीला लटकलेल्या वायरी, आणि ग्राहकासाठी एकच स्टूल. बाई चाळिशीची, चष्मा कपाळावर चढवलेला, फारशी गोड बोलणारी नाही. तिने लॅपटॉप चालू केला आणि विचारलं, "काकू, सगळीच फोल्डरं उघडताना बंद पडतं की एकच?"

ताईंना हे कुणी विचारलं नव्हतं. त्यांनी दुसरं काही उघडूनच बघितलं नव्हतं. बाईने पडद्यांच्या फोटोंचं फोल्डर उघडलं. ते उघडलं. मुलाच्या लग्नाचं उघडलं. 'दादा' उघडलं, मिटलं.

"म्हणजे मशीन बरं आहे. फाइल मॅनेजरही बरा आहे. या फोल्डरमधलं काहीतरी त्याला पचत नाहीये. हे कधीपासून?"

"माझा भाऊ गेला, त्यानंतर."

बाईने मान वर केली. मग पहिल्यापेक्षा हळू आवाजात विचारलं, "त्यानंतर यात काही नवीन टाकलं होतं का?"

"मुलाने टाकलं. भावाच्या फोनमधलं."

"ठीक. आधी सगळ्याची एक प्रत काढून घेते. मग हात लावते."

प्रत निघेपर्यंत ताई स्टुलावर पिशवी मांडीवर धरून बसल्या होत्या. ती निघाली तेव्हा त्यांनी पिशवी पायाशी ठेवली.

बाई काम करता करता बोलत होती. फोल्डर उघडलं की फाइल मॅनेजर प्रत्येक व्हिडिओचं छोटं चित्र काढून दाखवायला बघतो. त्यातला एखादा व्हिडिओ मोडका असला की चित्र काढताना फाइल मॅनेजरच कोसळतो. म्हणून तिने आधी चित्रं दाखवणंच बंद करून टाकलं. 'दादा' उघडलं, नुसती नावं, तारखा, आकडे. ते मिटलं नाही. ताईंनी स्टुलावरून वाकून बघितलं, पण त्यात दादा कुठेच नव्हता.

"आता मोडका कुठला ते शोधू." तिने अर्धे व्हिडिओ एका नव्या फोल्डरमध्ये हलवले, चित्रं पुन्हा सुरू केली आणि दोन्ही उघडून बघितली. एक उघडलं, एक कोसळलं. कोसळलेल्याचे पुन्हा दोन भाग. असं करत करत शेवटी एकच फाइल उरली. ती बाईने वेगळी काढून ठेवली आणि बाकी सगळे परत जागेवर नेऊन 'दादा' उघडलं.

चित्रांची एक ओळ आली, मग दुसरी, मग खाली खाली येतच राहिली. प्रत्येकात दादा, स्टुलावर बसलेला, हात हवेत. बाईने लॅपटॉप ताईंकडे वळवला आणि ती स्वतः उगाचच एक वायर गुंडाळायला लागली.

निळं स्टूल शोधायला वेळ लागला नाही. करंगळी गुडघ्याशी, लहानसा गोल. 'उगाच.' ताईंनी ती खूण मांडीवर करून बघितली. पुन्हा केली.

"काय म्हणतायत ते?" बाईने विचारलं.

"स्टूल उगाच रंगवलं म्हणतोय." मग त्या पुढचं सांगत गेल्या. मालक रागावला, त्याला निळा रंग आवडत नाही, आता सगळे त्या स्टुलावर बसायला भांडतात. बाई हसली. "मला तर ते पाणी मागतायत असं वाटलं."

"सगळ्यांना तसंच वाटायचं," ताई म्हणाल्या.

मग त्यांनी विचारलं, तो वेगळा काढलेला व्हिडिओ कुठला.

बाईने तारीख बघितली. दादा दवाखान्यात गेला त्याच्या थोडे दिवस आधीची. ताईंनी सांगितलं, हा मला कधी आलाच नव्हता. काढायला सुरुवात केली असेल आणि मधेच काहीतरी झालं असेल; बॅटरी संपली असेल, नाहीतर फोन पडला असेल. बाई म्हणाली, असा अर्धवट तुटलेला व्हिडिओ कधी कधी जोडता येतो. त्याच फोनवर काढलेला धडधाकट व्हिडिओ नमुन्याला घ्यायचा आणि त्याच्या बांधणीवरून मोडक्याचे तुकडे लावून बघायचे. "पण मी शब्द देत नाही, काकू. उद्या या."

दुसऱ्या दिवशी दुकान उघडायच्या आधीच ताई दारात उभ्या होत्या. यजमानही आले होते. आज ते थट्टा करत नव्हते.

थोडंसंच निघालं होतं. दादा फोन डब्याला टेकवतो. मागे सरकून बसतो. शर्टाची कॉलर सारखी करतो. कॅमेऱ्याकडे बघून हसतो. दोन बोटं खांद्यावरून खाली येतात, ताई. मग उजवा हात उघडा, कानाच्या उंचीपर्यंत वर जातो, आणि तिथे चित्राचे हिरवे चौकोन होतात.

ताईंनी ते पुन्हा लावायला सांगितलं. पुन्हा. बाई न कंटाळता लावत राहिली.

"काय म्हणतोय गं?" यजमानांनी विचारलं.

"दोन्हीची सुरुवात अशीच होते," ताई म्हणाल्या. "हात इथून पुढे आला तर, घरी ये. खांद्यावरून मागे गेला तर, जाऊ दे, नंतर सांगतो."

"त्याच्या चेहऱ्यावरून?"

"हसतोय. तो दोन्ही हसूनच म्हणायचा."

त्यांनी हात वर नेला आणि पुढे आणला. मग वर नेऊन मागे टाकला. दुकानातले दोघंही तो हात बघत होते. बाई म्हणाली, "यापुढचं फाइलमध्ये नाहीच आहे, काकू. असतं तर काढलं असतं." ताईंनी मान हलवली. त्यांना ते पटलं होतं, तरी पुढचे कितीतरी दिवस त्या शिवता शिवता थांबायच्या, हात वर जायचा, आणि यजमान दारातून ते बघून पाणी प्यायच्या निमित्ताने आत निघून जायचे.

शेवटी तेच एकदा म्हणाले, "घरी ये म्हणाला असेल असं धरून चल. जाऊन तर ये. नंतर सांगतो म्हणाला असेल तरी काही बिघडत नाही."

ताई गेल्या. कारखान्यात पॉलिशच्या वासाने डोळे चुरचुरत होते, तोच वास दादाच्या शर्टांना असायचा. मागच्या खोलीत आता खुर्च्यांच्या पाठी रचून ठेवल्या होत्या. दादाचा सोबती, तोही बहिराच, त्यांना बघून धावत आला आणि शाळेतल्या खुणांनी भराभर बोलायला लागला. ताईंना त्यातलं फार थोडं कळलं. त्यांनी हात जोडून, हळू, अशी विनंती केली. मग त्याने फोनवर टाइप करून दाखवलं. ताईंनी त्या व्हिडिओचं विचारलं. तो म्हणाला, आठवत नाही, पण त्या आठवड्यात रोज माल न्यायला ट्रक येत होता आणि ट्रक आला की सगळ्यांना हातातलं टाकून उठावंच लागायचं. दादा काय सांगणार होता ते त्याला माहीत नव्हतं.

मग चहाची वेळ झाली. सोबत्याने शेडच्या टोकाला उभ्या असलेल्या माणसांकडे बघून हात उंचावला आणि आपल्या कानाची पाळी दोनदा टिचकीने उडवली. माणसांनी ब्रश खाली ठेवले. त्यातली बरीचशी ऐकू येणारीच होती. एकाने पुढच्याला तीच खूण केली आणि पुढच्याने त्याच्या पुढच्याला.

ताई जागच्या जागी उभ्या राहिल्या. ही खूण शाळेची नव्हती. त्यांच्या गल्लीतल्या शाळेत घंटा वाजवणाऱ्या शिपायाचे कान सुपाएवढे होते. दादाला घंटा ऐकू यायची नाही, पण शिपाई बाहेर आला की मुलं सुटणार हे खिडकीतून दिसायचं. म्हणून कानाची टिचकी म्हणजे सुट्टी. ती त्या दोघांनी कडी लावलेल्या खोलीत बसून बनवली होती.

त्यांनी सोबत्याचा फोन मागून घेतला आणि हे सगळं टाइप केलं. टाइप करताना बोटं चुकत होती. तो वाचत गेला, आणि शिपायाच्या कानांपर्यंत आला तेव्हा इतका हसला की बाकीचे जमा झाले. त्याने खुणा आणि हातवारे मिसळून सगळ्यांना ती गोष्ट सांगितली. कानांचा आकार दाखवताना त्याने दोन खुर्च्यांच्या पाठी उचलून डोक्याला लावल्या. ताई हसल्या, आणि हसता हसता त्यांनी पदराने डोळे पुसले. चहा आला.

परतताना बस हलली तेव्हा सोबती खाली उभा राहून काहीतरी म्हणाला. काचेतून ते ताईंना समजलं नाही. त्यांनी नुसता हात हलवला आणि पुढे तोंड करून बसल्या.

काही दिवसांनी त्याचा एक व्हिडिओ आला. ताईंनी तो स्वयंपाकघरातच बघितला, पुन्हा बघितला. त्याचे हात दादापेक्षा जाड, खुणा घाईच्या, आणि बघणाऱ्याचं मन दुसऱ्याच हातांकडे ओढ घेत राहतं. तरी त्यांनी आपला फोन डब्याला टेकवला, पदर सारखा केला आणि लहानपणी शिकलेल्या शाळेच्या खुणा आठवून आठवून उत्तर द्यायला सुरुवात केली. मधेच चुकल्या, पुसलं, पुन्हा सुरुवात केली.

यजमानांनी दारातून विचारलं, "काय म्हणतोय तो?"

"नवीन पॉलिश आणलंय म्हणतोय," ताई म्हणाल्या. "नाहीतर नवीन बूट. थांबा, विचारते."